सर्वांगदुखी : रिपोर्ट चांगला, तरी दुखणे खरे

गेल्या अंकातील सिकलसेलवरचा पाठ वाचून आपल्या काही आरोग्यसेविकांनी मला एकच प्रश्न विचारला. सिकलसेलची तपासणी चांगली आली, रक्त फारसे कमी नाही, एक्स-रेमध्ये काही निघाले नाही, आणि तरीही बाई म्हणते की सगळे अंग ठणकते. मग तिला काय सांगायचे? या अंकाचा पाठ या प्रश्नालाच दिला आहे. सेविकांनी तो जवळ ठेवावा. दूर शहरात राहून या कामाला हातभार लावणाऱ्या वाचकांनीही वाचावा, कारण हे दुखणे केवळ डोंगरातले नाही. तुमच्या घरातही असे कोणी असेल.

या विकाराचे नाव फायब्रोमायल्जिया. त्याला सर्वांच्या तोंडी बसलेला मराठी शब्द नाही, म्हणून आमच्या दवाखान्यात आम्ही त्याला सर्वांगदुखी म्हणतो. मानेपासून पोटऱ्यांपर्यंत, दोन्ही बाजूंना, महिनोन्महिने टिकणारे दुखणे. त्याच्या जोडीला न जाणारा थकवा, झोपून उठल्यावरही अंग जड, आणि विसराळूपणा. सांध्याला सूज नसते, हाड झिजलेले नसते, स्नायू कुजलेला नसतो. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत शंभर माणसांत साधारण दोन ते चार जणांना हा त्रास आढळतो आणि त्यांत बायका जास्त असतात.

आपल्या राज्यातली एक पाहणी येथे सांगण्यासारखी आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण गावी डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने १९९६ मध्ये घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांना हाडे, सांधे आणि स्नायूंच्या दुखण्याविषयी विचारले. शंभरात सुमारे अठरा जणांना असे काही ना काही दुखणे होते. ज्याची आपण सर्वांत जास्त भीती घालतो तो सांधे वाकडे करणारा आमवात मात्र दोनशेत जेमतेम एकाला होता. भिगवण काही आदिवासी पाडा नव्हे. पण शेतात राबणाऱ्या गावात दुखणारे किती आणि त्यांत खरा आमवात किती थोडा, एवढे त्यावरून कळते. बाकीच्यांत नुसते कष्टाचे दुखणे असते, एखाद्या स्नायूची किंवा कण्याची तक्रार असते, आणि काहींना ही सर्वांगदुखी असते.

नावाचा इतिहास थोडक्यात सांगते. लंडनचे डॉक्टर विल्यम गॉवर्स यांनी १९०४ मध्ये अशा दुखण्याला फायब्रोसायटिस, म्हणजे तंतूंची सूज, असे नाव दिले. पुढे तपासणाऱ्यांना सूज काही सापडली नाही, आणि १९७६ पासून फायब्रोमायल्जिया हे नाव रूढ झाले. सूज सापडली नाही म्हणून कित्येक डॉक्टरांनी दुखणेच नाही असा अर्थ काढला. ती समजूत अजून पुरती गेलेली नाही.

मग दुखते कशामुळे?

पाड्यावर मी हे कुत्र्याच्या उदाहरणाने सांगते. राखणीचा कुत्रा चोर आला की भुंकतो, ते त्याचे कामच आहे. पण एखाद्या घरावर दोन-चार वेळा संकट आले, रात्री-अपरात्री धावपळ झाली, की तो इतका बिथरतो की पान पडले तरी भुंकतो. चोर नसतो, पण भुंकणे खरे असते आणि घरातल्यांची झोप खरोखरच मोडते. आपल्या शरीरात दुखण्याची खबर मज्जातंतू पाठीच्या कण्यातून मेंदूकडे नेतात, आणि मेंदू ती खबर वाढवू किंवा दाबू शकतो. या विकारात वाढवणारी बाजू जोर धरते आणि दाबणारी ढिली पडते. हलका दाब दुखण्यासारखा वाटतो, थोडे दुखणे फार वाटते. २००२ मध्ये अमेरिकेत काही रुग्णांच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब देत त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. निरोगी माणसाचा मेंदू जेवढा जागा व्हायला मोठा दाब लागला, तेवढा रुग्णाचा मेंदू बराच कमी दाबाने जागा झाला. बाई ढोंग करीत नाही, याला यापेक्षा मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

हे बिथरणे कशाने सुरू होते, याचे एकच एक उत्तर नाही. कधी मोठा आजार, अपघात किंवा बाळंतपणाचा त्रास, कधी वर्षानुवर्षे अपुरी झोप, कधी लेकरू दगावल्याचे किंवा घरातल्या मारहाणीचे दुःख. काही घराण्यांत प्रवृत्तीच असते. मनाचा भार दुखणे वाढवतो हे खरे, आणि दुखण्याने मन खचते हेही खरे. पण म्हणून 'हे सगळे तुझ्या मनाचे आहे' असे म्हणणे चूक आहे, आणि ते ऐकून बाई पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही.

ओळखायचे कसे

यासाठी कोणतीही रक्ततपासणी नाही, कोणताही फोटो नाही. विचारणे आणि अंगाला हात लावून पाहणे, यावरच निदान आहे. १९९० च्या नियमांप्रमाणे अंगावरच्या अठरा ठरावीक जागा अंगठ्याने दाबत आणि त्यांतल्या अकरा दुखल्या की निदान पक्के समजत. २०१० पासून ती पद्धत मागे पडली. आता २०१६ मध्ये सुधारलेले नियम वापरतात, आणि ते सेविकेलाही जमण्यासारखे आहेत.

अंगाच्या एकोणीस जागा धरायच्या. दोन्ही जबडे, खांदे, दंड, कोपराखालचे हात, कुल्ले, मांड्या आणि पोटऱ्या या चौदा झाल्या. त्यांत मान, वरची पाठ, कंबर, छाती आणि पोट मिळवले की एकोणीस. गेल्या आठवड्यात यांतल्या किती जागा दुखल्या ते मोजायचे. मी वहीत माणसाचे चित्र काढून देते आणि बाईच्या हातात पेन्सिल देते. जिने कधी पेन्सिल धरली नाही ती स्वतःच्या अंगावर बोट ठेवते आणि आम्ही खूण करतो. वारली घरांतल्या बायकांना चित्र परके नसते, पण माझे चित्र पाहून त्या हसतात हेही खरे.

मग थकवा, झोपून उठल्यावर ताजेतवाने न वाटणे, आणि लक्षात न राहणे, या तीन गोष्टींना त्रासाप्रमाणे शून्य ते तीन गुण द्यायचे. गेल्या सहा महिन्यांत डोकेदुखी, ओटीपोटात कळा किंवा उदासपणा असेल तर प्रत्येकी एक. हे सगळे मिळून बारापर्यंत जातात. दुखऱ्या जागा सात किंवा जास्त आणि हे गुण पाच किंवा जास्त. अथवा जागा चार ते सहा आणि गुण नऊ किंवा जास्त, तर सर्वांगदुखी असण्याचा संभव मोठा. मात्र दुखणे अंगाच्या पाच भागांपैकी, म्हणजे डावा-उजवा वरचा, डावा-उजवा खालचा आणि मधला, निदान चार भागांत हवे, आणि तीन महिन्यांहून जुने हवे. आवणीच्या दिवसांत चिखलात वाकून आठवडाभर कंबर धरली, तर तो हा विकार नव्हे. ती विश्रांतीने जाते.

प्रश्न तिच्या बोलीत विचारा. 'तुला थकवा येतो का?' याला प्रत्येक बाई 'हो' म्हणेल, तुम्ही-आम्हीही म्हणू. 'सकाळी उठतेस तेव्हा रात्री कोणी कुटून काढल्यासारखे वाटते का?' असे विचारले की उत्तर वेगळे येते. 'चुलीवर भात ठेवून विसरतेस का?' याने विसराळूपणा कळतो. पाठीवर बिब्ब्याचे जुने डाग दिसले तर रागावू नका. ते किती वर्षांचे आहेत ते विचारा. दुखण्याचे वय त्या डागांवरून समजते.

आता सावधगिरीची बाजू, आणि या पाठातला हा भाग सेविकांनी दोनदा वाचावा. सर्वांगदुखी हे नाव देण्याआधी काही आजार नाहीत याची खात्री डॉक्टरांकडून झालीच पाहिजे. आपल्या भागात पहिला सिकलसेल. त्याचे दुखणे बहुधा लहानपणापासून असते, झटक्यासारखे येते, मधले दिवस बरे जातात. डोळे पिवळे दिसतात, रक्त फार कमी असते. येथे एक घोळ नेहमी होतो. बाई सिकलसेलची नुसती वाहक निघते आणि तिचे प्रत्येक दुखणे त्या शब्दाच्या माथी मारले जाते. वाहकाला सहसा असे दुखणे नसते, तेव्हा पुढे शोधलेच पाहिजे. उलट, सिकलसेलच्या रुग्णालाही सर्वांगदुखी जडू शकते. एक आजार आहे म्हणून दुसरा नाही असे नवे नियम मानत नाहीत.

थायरॉईड कमी काम करीत असेल तर अंग दुखते, थकवा येतो, वजन वाढते. ती एक रक्ततपासणी करावी. ड जीवनसत्त्व फार कमी असेल तर मांड्या आणि कंबर दुखतात, बसलेले उठवत नाही, चाल बदकासारखी होते. चिकुनगुनियानंतर सांधे काही महिने धरलेले राहतात, म्हणून गेल्या पावसाळ्यात ताप आला होता का ते विचारावे. सांध्याला डोळ्यांना दिसणारी सूज, संध्याकाळचा ताप, घटणारे वजन, कण्यातल्या एकाच मणक्यावरचे दुखणे, हातापायातली ताकद जाणे, चामडीवरचा बधिर चट्टा, यांतले एक जरी असले तरी हा पाठ मिटवा आणि बाईला त्याच आठवड्यात रुग्णालयात न्या. क्षय आणि कुष्ठ आपल्याकडून अजून गेलेले नाहीत.

हिमोग्लोबिन, ईएसआर, थायरॉईड, सिकलसेल, आणि जरूर वाटल्यास कॅल्शियम व ड जीवनसत्त्व. एवढ्या तपासण्या बहुतेकींना पुरतात. त्या एकदा नीट झाल्या की पुनःपुन्हा करू नयेत. दर तपासणीबरोबर बाईची मजुरी बुडते आणि 'काहीतरी मोठे असणार, त्यांना सापडत नाही' ही भीती वाढते.

एका बाईचे उदाहरण सांगते. वय पस्तीस-चाळीस, तीन मुले. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर जाते, पावसाच्या तोंडाला परत येते. चार वर्षे अंग दुखत होते. ती आली तेव्हा पिशवीत तीन गावांच्या चिठ्ठ्या होत्या. एकाने वात सांगितला होता, एकाने रक्त कमी, एकाने 'काही नाही, घरी जा'. भट्टीजवळच्या एका दवाखान्यात दर पंधरवड्याला तिला सलाईन आणि एक इंजेक्शन मिळे; त्या दोन दिवसांत बरे वाटे, मग पुन्हा तेच. तिच्या घरात त्यामुळे उचल वाढली होती. सासू म्हणे, 'कामाचं आलं का हिचं अंग मोडतं.' चौदा जागांवर तिने बोट ठेवले. तपासणीत रक्त थोडे कमी निघाले, बाकी ठीक. मी तिला म्हटले, 'तुझं दुखणं खरं आहे. त्याला नाव आहे. त्याने तू मरणार नाहीस, लुळी पडणार नाहीस.' ती काही वेळ गप्प बसली आणि मग तिने विचारले, 'हे सासूला सांगाल का?' मला वाटते, त्या दिवशीचा अर्धा उपचार तोच होता. सासूला बोलावून मी तेच सांगितले, कुत्र्याच्या उदाहरणासकट.

उपचार

सलाईनविषयी आधी. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असते, दुसरे काही नाही. जुलाबाने सुकलेल्या माणसाचा त्याने जीव वाचतो. अंगदुखीचे औषध ते नव्हे. बाटलीबरोबर दिलेल्या सुईत पुष्कळदा स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅक असते. स्टेरॉइडने दोन दिवस हुशारी वाटते, पण ते वारंवार घेतले तर चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके सूज असलेल्या दुखण्यावर चालतात. येथे सूजच नाही, त्यामुळे फायदा फार थोडा, आणि पोटाला व मूत्रपिंडाला धोका मात्र पुरा. ट्रॅमाडॉलपेक्षा कडक, अफूच्या जातीची औषधे तर या विकारात देऊच नयेत.

युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सर्व उपचारांचा पुरावा तपासला, तेव्हा ठामपणे शिफारस करावी असा एकच उपाय त्यांना आढळला: व्यायाम. हे सांगितले की आपल्या सेविका हसतात, आणि त्यांचे हसणे बरोबर आहे. जी बाई पहाटेपासून पाणी, मोळी, चूल, शेत, गुरे करते तिला व्यायाम काय सांगायचा?

पण कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत. मोळी उचलताना वेग तिच्या हातात नसतो, थांबण्याची मुभा नसते, एकाच जागी सगळा भार येतो. व्यायाम म्हणजे भार नसलेली, लयीतली, तिला हवी तेव्हा थांबवता येणारी हालचाल. आम्ही दहा मिनिटे रिकाम्या हाताने चालण्यापासून सुरुवात करतो. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दुखणे थोडे वाढेल हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती चौथ्या दिवशी सोडून देईल. तारप्याच्या तालावर फेर धरणे हीदेखील अशीच हालचाल आहे. भाताच्या कापणीनंतर नाच सुरू होतात तेव्हा 'अंग दुखते म्हणून जाऊ नको' असे कोणी सांगू नये. जावे, दमले की बाजूला बसावे, पुन्हा उठावे.

दुसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. या बायका बरे वाटले त्या दिवशी तीन दिवसांचे काम उरकतात आणि पुढचे चार दिवस पडून राहतात. मग घरचे म्हणतात, 'परवा तर चांगली करीत होती.' बऱ्या दिवशी थोडे कमी आणि वाईट दिवशी थोडे तरी, हा नियम तिला आणि घरच्यांना दोघांनाही समजवावा लागतो. मोठ्या मोळीऐवजी लहान मोळी, भरल्या हंड्याऐवजी अर्धा हंडा. रान लांब आणि विहीर उतारावर असली की दोन खेपा घालणे ही थट्टाच ठरते, याची मला जाणीव आहे. म्हणून एक खेप नवऱ्याने किंवा मोठ्या मुलाने घालावी हे आम्ही त्यांच्यासमोर बोलतो. कोठे जमते, कोठे नाही.

झोपेचे तसेच. उन्हाळ्यात झऱ्यावर नंबर लावायला पहाटे तीनला उठणाऱ्या बाईला आठ तास झोप सांगून काय होणार? पण रात्रीची मशेरी बंद करता येते. तंबाखू झोप उडवतो, हे बहुतेकींना माहीतच नसते. त्यांना ती झोपेसाठी वाटते. दारूने डोळा लागतो पण झोप तुकड्यातुकड्यांची होते. दुपारी अर्धा तास पाठ टेकता आली तर टेकू द्यावी.

औषधांत आम्ही ॲमिट्रिप्टिलीन वापरतो. ते जुने आहे, स्वस्त आहे. उदासीवर ते मोठ्या मात्रेत देतात. येथे मात्रा अगदी लहान, रात्री १० मिलिग्रॅमपासून, क्वचित २५ पर्यंत. झोप सुधारते, दुखण्याची धार थोडी बोथट होते. तोंड कोरडे पडते, सकाळी गुंगी राहते, शौचाला कडक होते. पुष्कळदा हे दोन आठवड्यांत कमी होते. हृदयाचा विकार, फेफरे किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचे. ड्युलॉक्सेटीन आणि प्रीगॅबालिन ही नवी औषधेही काहींना लागू पडतात. पण कोणतेच औषध सर्वांना लागू पडत नाही, आणि ज्यांना पडते त्यांचेही दुखणे बहुधा पुरते जात नाही. हे आधीच सांगितलेले बरे. उदासपणा खोल असेल, जगणे नको वाटते असे ती बोलली, तर ते वेगळे गंभीर कारण आहे. त्याच दिवशी कळवा.

भगताविषयी विचारतात. तो अंग चोळतो, बसून ऐकून घेतो. त्याला माझी हरकत नाही. डाग देऊ नये आणि आमच्या गोळ्या बंद करायला सांगू नये, एवढे दोन शब्द त्याच्याकडून घ्यावेत. आमच्या दोन पाड्यांवर भगत स्वतःच बायकांना घेऊन येतात.

वर सांगितलेली बाई आठ महिने येते आहे. मधले महिने ती भट्टीवर होती तेव्हा तिने गोळ्या बरोबर नेल्या आणि सलाईन एकदाच घेतली. दुखऱ्या जागा चौदाच्या नऊ झाल्या आहेत. अंग अजून दुखते. यंदा तिने आवणी केली, दोन दिवसाआड.

सेविकांनी नोंदवहीत प्रत्येक भेटीला तीनच गोष्टी लिहाव्यात: दुखऱ्या जागा किती, रात्री किती वेळा जाग आली, आणि आठवड्यात किती दिवस ती आपले काम करू शकली. तिसरा आकडा सुधारला तर पहिला तसाच राहिला तरी उपचार चालू ठेवायचा. आणि गोळ्या देताना एक पाहून या: ॲमिट्रिप्टिलीनच्या थोड्या गोळ्याही लहान मुलाने गिळल्या तर जिवावर बेततात. म्हणून पुडी उशाखाली किंवा चुलीजवळच्या फळीवर नको. झाकणाच्या डब्यात घालून, वरच्या वाशाला, पोरांचा हात पोहोचणार नाही अशी टांगायला सांगा, आणि ती टांगलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनच निघा.